गुंठा म्हणजे केवढी जागा?

(सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी केलेल्या गणित उपक्रमांच्या पुस्तकाची प्रस्तावना)

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या रस्त्यांवर आणि बाजारात नारळ, लिंबं, कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तीन मानसशास्त्रज्ञांनी केला. तो 1985 साली प्रसिद्ध झाला. मुलं नऊ ते पंधरा वर्षांची होती. अभ्यासक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले. नारळ केवढ्याला, चार घेतले तर किती झाले, मोठी नोट दिली तर परत किती येतील, असं विचारत राहिले. 98 टक्के उत्तरं बरोबर आली. मग थोड्याच दिवसांनी त्याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन तीच आकडेमोड पुन्हा विचारली. शाब्दिक उदाहरणांत 74 टक्के उत्तरं बरोबर आली आणि नुसत्या मांडलेल्या हिशोबांत फक्त 37 टक्के.

त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. एक नारळ 35 क्रुझेरोला, तर चार नारळ कितीला? तो तोंडीच म्हणाला की तीन नारळांचे 105, त्यात 30 घातले की 135, आणखी पाच म्हणजे 140. कागदावर 35 गुणिले 4 दिल्यावर त्याने शाळेत शिकवलेली रीत वापरली. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. खाली उत्तर लिहिलं 200. गिऱ्हाइकाला त्याने चार नारळांचे 200 कधीच सांगितले नसते. कागदावर मात्र नारळही नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हतं, उरली होती फक्त अर्धवट लक्षात राहिलेली रीत.

आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं तोंडी हिशोबात पक्की आणि वहीतल्या गणितात अडखळणारी, हे त्यातही दिसलं. पण या अभ्यासात एक जास्तीची गोष्ट होती. बाजाराचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांनाही त्यांनी तपासलं. वहीतली उदाहरणं ज्यांना त्या मानाने बरी जमत होती, त्या मुलांना साधा बाजारहाटाचा हिशोब नीट जमत नव्हता. म्हणजे इकडून तिकडे जायला वाट नाही, तशी तिकडून इकडे यायलाही नाही. हातातलं गणित आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतलं आपोआप हातात येत नाही.

या पुस्तकाचं काम नेमकं इथे सुरू होतं. इयत्ता सहावी, सातवी, आठवीच्या वर्गात करायचे हे उपक्रम एकेका विषयसूत्राभोवती बांधले आहेत: बाजार, जमीन, किल्ला, कागद, आणि शेवटी नुसत्या संख्या. पण वर्गात मजा आणली की गणित आलं, असा दावा हे पुस्तक करत नाही. प्रत्येक उपक्रमाचे तीन भाग आहेत. आधी हाताने करायचं, मग केलेलं वहीत मांडायचं, आणि मग वहीतली रीत घेऊन पुन्हा नव्या वस्तूकडे जायचं. पहिला भाग करून थांबणारे वर्ग मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मला वाटतं, आपलं बरंचसं कृतियुक्त शिक्षण तिथेच अडकून पडलं आहे.

बाल आनंद मेळावा घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तो हौसेने भरतो. मुलं घरून भाजीच्या जुड्या, भेळ, वडापाव, सरबत आणतात, पालक येतात, अध्यक्ष फीत कापतात, फोटो निघतात. संध्याकाळी भेळवाला गट ओरडत येतो, "बाई, 338 रुपये कमावले!" आणि बहुतेक ठिकाणी गणित तिथेच सुटतं. कारण 338 ही विक्री आहे. कुरमुरे, फरसाण, कांदे, लिंबं आणि कागदी द्रोण मिळून 260 रुपये गेलेत, ते आईने दिले होते म्हणून मुलांच्या हिशोबात आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला बसून तो खर्च लिहायला लावला की वर्गात खरा वाद सुरू होतो. कोथिंबीर परसातली होती, तिची किंमत धरायची का? गूळ घरचा होता, तो फुकट समजायचा का? शेवटच्या दोन प्लेट गटाने स्वतःच खाल्ल्या, तो तोटा की मजुरी? सातवीच्या मुलांनी अर्धा तास यावर भांडावं, याहून चांगला गणिताचा तास मला सांगता येणार नाही.

मग शेजारचा वडापावचा गट उभा राहतो. त्यांचा खर्च 600, विक्री 720, नफा 120. भेळवाल्यांचा नफा 78. जिंकलं कोण? वडापाववाले अर्थातच म्हणतात, आम्ही. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, पण तुम्ही पैसे किती घातले होते! इथे शेकडेवारीची गरज मुलांना स्वतःलाच पडते. 260 वर 78 म्हणजे शेकडा 30, 600 वर 120 म्हणजे शेकडा 20. सूत्र आधी फळ्यावर लिहून मग उदाहरणं सोडवणं आणि दोन गटांचं भांडण मिटवायला सूत्र शोधणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून या पुस्तकात मेळाव्याच्या आधीचे आणि नंतरचे तास जास्त आहेत आणि मेळावा स्वतः थोडक्यात आटोपला आहे.

आता जमीन. या प्रकरणावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या गावाकडच्या मुलांपाशी इतकं गणित पडून आहे आणि ते शाळेच्या फाटकाबाहेरच राहतं, याची मला खरोखर खंत वाटते.

गुंठा हा शब्द मुलं रोज ऐकतात. घरात वाटणीवरून, रस्त्यावरच्या प्लॉटच्या जाहिरातींत, बांधावरच्या भांडणांत. पण गुंठा म्हणजे केवढी जागा, हे विचारलं तर हात पसरून दाखवतात किंवा गप्प होतात. मैदानावर दोरी घेऊन 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौरस आखला की तो एक गुंठा होतो: 1,089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट. हा 33 चा विचित्र आकडा आला कुठून, हे मुलं विचारतातच. सतराव्या शतकात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजायची जी साखळी ठरवली ती 66 फुटांची होती. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. गुंठ्याची बाजू म्हणजे अर्धी साखळी.

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार मुलं उभी करायची आणि बाकीच्यांनी आत शिरायचं. मग विचारायचं, बाजू दुप्पट केली तर किती गुंठे? वर्गातले बहुतेक आवाज "दोन" म्हणतात. दोरीने 66 फुटांचा चौरस आखून त्यात पहिला चौरस बसवून दाखवला की तो चार वेळा बसतो. फळ्यावर हेच सांगितलं तर मान डोलवतात आणि परीक्षेत पुन्हा दोन लिहितात. मैदानावर पायाखालून चालून गेलेलं क्षेत्रफळ सहसा विसरलं जात नाही.

त्यापुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. एक गुंठा जागा चौरसच असली पाहिजे का? 11 फूट रुंद आणि 99 फूट लांब पट्टी आखा. तीही 1,089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठाच. पण चौरसाला कुंपण घालायला 132 फूट तार लागते आणि या पट्टीला 220 फूट. पट्टी 9 फूट रुंद आणि 121 फूट लांब केली तर 260 फूट. जागा तेवढीच, खर्च जवळजवळ दुप्पट. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळ सहावीपासून दहावीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. तारेच्या भावाने गुणल्यावर तो निवळायला लागतो. आणि वाटण्यांमध्ये शेतं लांबच लांब पट्ट्यांत का कापली जातात, प्रत्येक भावाला विहिरीकडे किंवा रस्त्याकडे तोंड का हवं असतं, हेही मुलांना त्या दिवशी आकड्यांत दिसतं.

मग सातबारा आणायचा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि गुंठा सुमारे 101 चौरस मीटरचा. दोन्ही इतके जवळ आहेत की गावात लोक सरसकट एक आर म्हणजे एक गुंठा धरतात. एक हेक्टर वीस आर जमीन असलेल्या घरातली मुलगी म्हणते, आमचे एकशेवीस गुंठे, म्हणजे तीन एकर. नीट हिशोब केला की 118 गुंठे आणि वर थोडं भरतं. जवळजवळ दीड गुंठ्याचा फरक, सुमारे 1,500 चौरस फुटांचा. वर्गखोली 500 चौरस फुटांची धरली तर तशा तीन खोल्या. दशांश अपूर्णांक किती स्थळांपर्यंत घ्यायचा, या पुस्तकी प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. छोटी चूक मोठ्या संख्येने गुणली की किती होते, तेवढं बघून ठरवायचं. कागद वर्गात आणताना मात्र कुणाच्या घरचा सातबारा सगळ्यांसमोर उघडू नये. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशी मुलं वर्गात असतात आणि त्यांना त्या तासाला खाली बघावं लागू नये. पुस्तकात म्हणूनच काल्पनिक उतारे दिले आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मैदानावर गेलं की टेप मुलगे धरतात आणि मुलींच्या हाती वही येते. "तुमचं अक्षर चांगलं आहे" असं म्हणून आपणच ती देतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक उपक्रमात कामं फिरती ठेवली आहेत. टेप धरणारा, आकडा वाचणारी, लिहिणारा, तपासणारी, अशी चौघांची टोळी. प्रत्येक मापाला काम बदलायचं, आणि याला अपवाद करायचा नाही.

विषयसूत्र निवडताना एक कसोटी आम्ही लावली. त्या विषयाला गणिताची खरोखर गरज आहे का? किल्ल्याचं सुंदर चित्र काढून त्याच्या खाली नेहमीचीच वीस गणितं छापली, तर तो किल्ल्यावरचा गणिताचा पाठ होत नाही. पण दिवाळीत अंगणात मुलं मातीचा किल्ला खरंच करतात, आणि त्या किल्ल्यात प्रमाणाचा अस्सल प्रश्न दडलेला असतो. किल्ला 60 सेंटिमीटर उंच, त्यावर ठेवलेला मातीचा मावळा 6 सेंटिमीटरचा. खरा मावळा 165 सेंटिमीटरचा धरला, तर हा डोंगर त्याच्या दहापट, म्हणजे साडेसोळा मीटर उंच झाला. पाच मजली इमारतीएवढा! बरं, डोंगर पायथ्यापासून 300 मीटर उंच मानायचा असेल, तर त्याच 60 सेंटिमीटरच्या किल्ल्यावर मावळा केवढा हवा? प्रमाण एकास पाचशे. मावळा 3.3 मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याहून लहान. हे कळल्यावर एखादा वर्ग मावळा लहान करायचं ठरवतो, एखादा किल्ला मोठा करायचं. काही मुलं म्हणतात, आम्हाला मावळा दिसायलाच हवा, प्रमाण चुकलं तरी चालेल. हे उत्तरही योग्य आहे, फक्त काय सोडलं ते माहीत असलं पाहिजे.

याच जागी भास्कराचार्यांची आठवण काढणं भाग आहे. लीलावती हा ग्रंथ 1150 चा. त्यातली उदाहरणं भुंगे, कमळं, हंस, मोर, साप यांनी भरलेली आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. लीलावतीतलं एक उदाहरण आम्ही जसंच्या तसं वर्गात आणलं आहे. 32 हात उंच बांबू वाऱ्याने मध्येच मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? हातांच्या जागी सेंटिमीटर घ्या. खराट्याची 32 सेंटिमीटरची हिरकाडी घ्या, वहीवर काटकोन काढा, आडव्या रेषेवर 16 वर खूण करा आणि काडी कुठे मोडली तर टोक तिथे टेकतं ते शोधा. 10 वर मोडली तर टोक साडेएकोणीसच्या पुढे जातं. 14 वर मोडली तर अकरा-साडेअकरालाच थांबतं. मुलं दोन्हीकडून सरकत 12 वर येतात. उभी 12, तिरपी 20, तळाशी 16. मग वर्ग करून बघायचे: 144 आणि 256 मिळून 400. पायथागोरसचं प्रमेय याच्या आधी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काड्या मोडून झाल्यावर शिकवावं. ज्याने सहा काड्या वाया घालवल्या, त्याला ते सूत्र श्रम वाचवणारं वाटतं, आणि ते तसं आहेच.

कागदाच्या प्रकरणाबद्दल थोडंच सांगतो. 1893 साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्या घालून भूमिती कशी करावी यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि त्याची दखल जर्मनीच्या फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञाने घेतली. अरविंद गुप्तांनी पुण्यात राहून टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी शिकवली, त्यांचं ऋण आपल्या कितीतरी शाळांवर आहे. आमचे कागदाचे उपक्रम या दोघांच्या वाटेवरचे आहेत. रद्दी पुरते.

प्रत्येक धड्याला बाजार किंवा शेत चिकटवलंच पाहिजे, असा गैरसमज मात्र होऊ नये. ऋण संख्यांचा गुणाकार घ्या. ऋण गुणिले ऋण धन का, हे कर्जाच्या गोष्टी सांगून पटवण्याचा प्रयत्न खूप जण करतात. "कर्जाचं कर्ज फेडलं" अशा कसरतीने मूल अधिकच गोंधळतं. त्याऐवजी तीन गुणिले ऋण दोन, दोन गुणिले ऋण दोन, एक गुणिले ऋण दोन अशी उतरती यादी लिहावी. उत्तरं ऋण सहा, ऋण चार, ऋण दोन, मग शून्य. दर पायरीला दोन वाढतात. पुढच्या पायरीला, ऋण एक गुणिले ऋण दोन, काय आलं पाहिजे? वर्ग स्वतः सांगतो. इथे वस्तू नको, रचना पुरेशी आहे.

संख्या हेच खेळणं असू शकतं, हे देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आयुष्यभर दाखवलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. पुढे कितीही केलं तरी 6174 च येतं, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतं. वजाबाकीचा सराव म्हणून पन्नास गणितं दिली तर मुलं कुरकुरतात. हे दिलं तर घरी जाऊन आजोबांना करायला लावतात. मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे 1975 साली कापरेकरांचं नाव जगभर गेलं. आपल्या सहावीच्या वर्गांत ते अजून पुरेसं पोचलेलं नाही.

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन, घटक चाचणी, आणि शेजारच्या वर्गाला होणारा गोंगाट. बहुतेक शाळांत गणित पेटी असते. ती कपाटात कुलूपबंद असते, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहे आणि एखादा ठोकळा हरवला तर जाब द्यावा लागतो. म्हणून या पुस्तकातल्या उपक्रमांना रजिस्टरला चढवावी लागेल अशी वस्तू जवळजवळ लागत नाही. दोरी, रद्दी, हिरकाड्या, चुना, शाळेतला एखादा टेप. काड्या तर मोडण्यासाठीच आहेत. वेळेचं म्हणाल, तर महिन्यातून दोनदा जोड तास मिळाला तरी वर्षात यातले महत्त्वाचे उपक्रम बसतात. 22 डिसेंबरला गणित दिनाच्या एकाच दिवशी सगळं उरकण्याचा मोह टाळावा. रांगोळीत आकडे काढून झाले तरी दुसऱ्या दिवशी तेविसावी तारीख असते आणि अपूर्णांक तिथेच असतात.

काही उपक्रम पहिल्या वेळी फसतील. दोरीचा चौरस तिरका होतो, कर्ण जुळत नाहीत. अशा वेळी शिक्षकाने स्वतः पुढे होऊन दोरी सरळ करू नये. दोन्ही कर्ण मोजायला सांगावेत. 33 च्या चौरसाचा कर्ण पावणेसत्तेचाळीस फुटांच्या किंचित आत यायला हवा. आला नाही तर कोणता कोपरा आत ढकलायचा, हे मुलं पाच मिनिटांत शोधतात. कोपऱ्याचा काटकोन गवंडी लोक तीन-चार-पाचच्या मापाने काढतात. गावातल्या एखाद्या गवंड्याला त्या तासाला बोलवावं, त्याची रीत बघावी, आणि मग ती का चालते हे वर्गाने त्याला सांगावं.

जमिनीचं प्रकरण दिवाळीनंतर घ्यावं, मैदान वाळलेलं असतं. 140 फूट दोरी लागेल. दर तीन फुटांवर रंगीत चिंधी बांधून ठेवली तर मोजायला सोपं जातं. नायलॉनची दोरी ओढली की लांबते, म्हणून दोन्ही टोकांना सारख्याच ताकदीची मुलं उभी करावीत, आणि तशी मिळाली नाहीत तर ती किती लांबते तेही मोजायला लावावं.